खुर्च्यांच्या पाठीवर

गहाणे वकिलांनी विचारलं, यादी आणली का?
आणली म्हटली.
पोराची वही, मागून उघडलेली.
पुढून त्याचे पाढे आहेत, सतराच्या पाढ्यापर्यंत.

खुर्च्या दोनशे बारा.
लाल एकशे चाळीस, बाकीच्या निळ्या.
प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या पेंटनं
छबिता मंडप, बारव्हा.
ते त्यानंच लिहिलं, आमच्या ओसरीत बसून.
पत्र्याचा साचा मी धरायची, ब्रश तो.
छ च्या पोटात पेंट साचायचा,
मग हळूच फुंकर मारायचा, लेकराच्या डोळ्यात मारतात तशी.
तीन रात्री माझं नाव घरभर वाळत होतं
आणि आम्ही भिंतीला चिकटून झोपत होतो
कुठं डाग पडू नये म्हणून.

पावत्या कोणाच्या नावानं?
त्याच्या.
मग खुर्च्या त्याच्या.
आणि बचत गटाचे ऐंशी हजार?
ते माझ्या सहीनं. पण खुर्च्यांसाठीच उचलले ना साहेब.
साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.
कागद कशासाठी ते नाही विचारत बाई,
कोणाची सही तेवढं विचारतो.
नववीपर्यंत शिकली मी.
सही चांगली येते माझी, सारे म्हणतात.

डोरलं सोनाराकडं, सन एकोणीसपासून,
साऊंडच्या दोन पेट्यांसाठी.
पेट्या त्याच्या.
डोरलं कोणी सोडवायचं यावर अर्धा तास गेला,
आणि सोडवून घालायचं कुठं
हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही,
माझ्याही नाही, घरी येईपर्यंत.

जनरेटर त्याचा.
पण सुरू होते माझ्याच हातानं:
चोक अर्धा, दोरी दोनदा हलकी,
तिसऱ्यांदा कमरेतून.
त्याला सांगू का नको, अजून ठरलं नाही.
लगनसराई लागू दे,
भर मांडवात अंधार होऊ दे एकदा,
मग पाहीन.

लोकांकडून येणं:
डोंगरवारांच्या तेरवीचे तेहेतीसशे,
शाळेच्या गॅदरिंगचे बाराशे,
सरपंचाच्या पोरीच्या हळदीचं तर विचारूच नका.
हे निम्मं-निम्मं, वकील म्हणाले.
जे कधी हाती येणार नाही
त्यात मला बरोबर अर्धा वाटा मिळाला.

शेवटी आठ खुर्च्या कमी भरल्या.
मंडईच्या नाटकाला गेल्या होत्या, पहाटे परत आल्याच नाहीत.
या कोणाच्या खात्यात?
तो म्हणाला, देऊन टाका तिला.
मला हसू फुटलं बाप्पा. त्यालाही.
वकील दोघांकडं पाहून राहिले,
मग त्यांनी खरंच लिहिलं:
हरवलेल्या खुर्च्या, नग आठ, पत्नीकडे.

आता सोमवारी गटाची बैठक असते.
दहा बाया जामीन आहेत माझ्यासाठी,
त्यांच्यापासून काडीमोड होत नाही.
हप्त्यासाठी रोवण्याला जाते,
सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी, संध्याकाळी चिखलासकट.

परवा कऱ्हांडल्याला पाणी प्यायला एका अंगणात शिरली.
कुडाला टेकून निळी खुर्ची,
एक पाय तारेनं बांधलेला, वर कोंबडी बसलेली.
पाठीवर छ पुसला होता.
बिता मंडप, एवढं उरलं होतं.
म्हातारीनं कोंबडीला हाकललं, पदरानं खुर्ची झाडली,
बस ना बाई, उभी काहून?
बसली.
पाय दुखत होते, चांगलं वाटलं.
मागितली नाही. तांब्या रिकामा करून निघाली.

घरी येऊन वही मागून उघडली.
तोवर पोराचा एकोणीसचा पाढा येऊन भिडला होता,
कोपऱ्यात जेमतेम जागा.
लिहिलं: निळी, एक. कऱ्हांडला.
अजून सात.